खालची लाइन

नवनाथ घारेने सख्ख्या बहिणीला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. रेल्वे क्वार्टरच्या दारात आडवा हात लावून तो उभा राहिला आणि म्हणाला, "तुझं काय असेल ते तुझ्या मशीनला सांग. ते बरोबर लिहून घेईल."

वृषालीने सांगून पाहिलं की चौकशीत ती त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला आलेली नाही, कंपनीने तिला यंत्राची माहिती द्यायला पाठवलंय. नवनाथने ते ऐकलंसुद्धा नाही. आतून शैलावहिनी, जाणूनबुजून मोठ्याने, म्हणाल्या की वन्संना पाणी हवं असेल तर स्टेशनवर नळ आहे. मग दार लागलं. शेजारच्या क्वार्टरमधली बाई वाळत घातलेले कपडे उगाचच पुन्हा झटकत सगळं बघत होती.

भावाबहिणीतला हा विस्तव आजचा नव्हता. करवंदा घाटात वाटाड्या बसला, तेव्हापासून तो धुमसत होता. वाटाड्या हे यंत्राचं नाव. नाव ठेवलं वृषालीनेच, आणि घाटापुरतं ते यंत्र बसवलंही तिनेच. नवनाथ घाटातल्या बँकर इंजिनाचा ड्रायव्हर. जड गाडीला मागून ढकलत घाट चढवायचा आणि मग रिकामं इंजिन घेऊन परत खाली उतरायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. वाटाड्या आला आणि पहिल्याच वर्षी त्याची वेतनवाढ गेली, कारण एका वळणावर तो ठरल्यापेक्षा जोरात उतरल्याचं यंत्राने लिहून ठेवलं होतं. तो बहिणीकडे भांडायला गेला. तिने समजूत काढायची सोडून त्याला नोंद दाखवली. त्यानंतर दिवाळीला तो तिच्याकडे गेला नाही, आणि तिनेही बोलावलं नाही.

वाटाड्या म्हणजे तसा आकाशातल्या घड्याळांचा खेळ. प्रत्येक उपग्रह आपल्या घड्याळात किती वाजले ते अखंड ओरडून सांगत असतो. ती हाक इंजिनावरच्या पेटीपर्यंत पोचायला किती वेळ लागला, यावरून तो उपग्रह किती लांब आहे ते कळतं. चार-पाच उपग्रहांची अंतरं एकमेकांशी जुळवली की पेटी कुठे आहे तेही कळतं. वेळ मोजताना सेकंदाच्या अब्जाव्या भागाची गफलत झाली तर जागा फूटभर सरकते, म्हणून जमिनीवरची केंद्रं सतत चुका दुरुस्त करत बसतात. सपाटीवर हे सगळं इतकं छान चालायचं की सिग्नलचे खांब उपटून टाकले गेले. रुळांवर काम करणाऱ्या मजुरांच्या जाकिटात तशीच एक पेटी आणि एक शिट्टी बसवली. ज्या लाइनवर माणूस, त्याच लाइनवर गाडी येऊ लागली की शिट्टी वाजणार. रेल्वेला वाटलं की आता रुळांची खडान्‌खडा माहिती असलेले जुने गँगमन पोसायचं कारण नाही. त्यांना घरी पाठवलं आणि घाटातल्या वाड्यांमधून ठेक्यावर माणसं घेतली. शिट्टी वाजली की बाजूला व्हायचं, एवढं शिकवलं की झालं.

घाटाला मात्र हे मान्य नव्हतं. करवंदा घाटात दोन लाइनी डोंगराच्या कुशीत पायऱ्यांसारख्या कोरलेल्या आहेत. एक वर, एक तिच्या खाली दोन मजली घराएवढ्या अंतरावर. नकाशावर पाहाल तर दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, फरक आहे तो उंचीचा. आणि उपग्रहाला सगळ्यात कमी कळतं ते उंचीचंच. कारण उपग्रह सगळे डोक्यावर. पूर्वेचे आणि पश्चिमेचे मिळून आपल्याला दोन्ही बाजूंनी पकडतात, पण खालून पकडायला कोणी नाही, मध्ये पृथ्वी आहे. त्यात घाटाचा कडा अर्धं आकाश खाऊन टाकतो, आणि काही हाका कड्यावर आपटून उशिरा पोचतात. म्हणून वाटाड्या प्रत्येक जागेबरोबर मनाशी एक शंकेचा आकडा धरायचा, म्हणजे मी म्हणतो त्याच्यात एवढं इकडेतिकडे असू शकतं. घाटात धुकं दाटलं, पाऊस लागला, की शंका दोन लाइनींमधल्या अंतराहून मोठी व्हायची. धुक्याचा आणि उपग्रहाचा तसा संबंध नाही, पण पाण्याने चकचकीत झालेला कडा आरशाचं काम करायचा.

रुळांमध्ये खुणेच्या पट्ट्या बसवल्या असत्या तर प्रश्न मिटला असता. वृषालीने तसं सुचवलं, आणि तिचे वरिष्ठ टिपणीस यांनी ते हसून बाजूला सारलं. आकाशातून सगळं दिसतं म्हणून विकलेल्या यंत्राला जमिनीवरची काठी कशाला, असं त्यांचं म्हणणं. वृषाली भांडली नाही. तिने दुसरा उपाय काढला आणि त्याचा तिला अभिमानही वाटला. शंका आली तर वाटाड्याने धरून चालायचं की गाडी माणसांच्याच लाइनवर आहे. म्हणजे चुकलंच तर शिट्टी उगाच वाजेल, वाजायची राहणार नाही. टिपणीसांनी त्यावर एकच दुरुस्ती केली. शंकेचा आकडा नोंदीत छापायचा नाही, गिऱ्हाईक घाबरतं. नोंदीत फक्त लाइनीचं नाव छापायचं. वृषालीने मान डोलावली.

मग श्रावणातल्या एका सकाळी घाट धुक्याने भरलेला असताना वरच्या लाइनवर मजूर काम करत होते. ती लाइन त्यांच्यासाठी बंद ठेवलेली होती. वरून नवनाथ रिकामं इंजिन घेऊन उतरत होता. शिट्ट्या वाजल्या. कमळाकर हिलम नावाच्या मजुराने कडेवरून उडी टाकली आणि तो खालच्या खडकावर डोकं आपटून मेला. इंजिनाने कोणालाच धक्का दिला नव्हता, त्यामुळे नवनाथला पायथ्याशी पोचेपर्यंत पत्ताच नव्हता.

नोंद म्हणत होती की नवनाथ मजुरांच्या बंद लाइनवर घुसला. नवनाथ म्हणत होता की मी माझ्या लाइनवरून, पुढच्या मालगाडीच्या मागे मुंगीच्या पावलांनी उतरलो. त्याचं दुर्दैव असं की पुढे मालगाडी रखडली की मधल्या केबिनपाशी रूळ बदलणारा काटा हाताने ओढून दुसऱ्या लाइनवरून उतरायचं, ही बँकरवाल्यांची जुनी खोड होती आणि त्यासाठी त्याला एकदा ताकीदही मिळाली होती. इंजिनाच्या कॅमेऱ्यात पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. पायथ्याला दोन्ही लाइनी एकाच यार्डात उतरतात, तिथे कोण कुठून आलं हे कोणी पाहिलं नव्हतं. आरोप सिद्ध झाला असता तर नोकरी जाऊन वर तुरुंग होता.

चौकशी घाटमाथ्यावरच्या विश्रामगृहात बसली. चौकशी अधिकारी सक्सेना साहेब बाहेरून आलेले, त्यांच्यासोबतची दोन माणसंही बाहेरचीच. मराठी कोणालाच येत नव्हती, आणि त्याचं काही अडतही नव्हतं, कारण भाषांतर करणारं यंत्र होतं. साक्षीदार बोलला की भिंतीवरच्या पडद्यावर साहेबांच्या भाषेत वाक्य उमटायचं. वृषाली आरोपीची बहीण, हे साहेबांना ठाऊक होतं. उलट त्यांना त्याचं कौतुक वाटलं. सख्ख्या बहिणीचं यंत्र भावाला सोडत नाही म्हणजे यंत्र किती निःपक्षपाती, असं ते टिपणीसांना म्हणाले, आणि टिपणीसांनी ते वाक्य पाठ करून ठेवलं.

शुक्रवारी मजुरांचा मुकादम हरी भगत साक्षीला आला. हरी आणि मेलेला कमळाकर दोघेही दांडवाडीचे, म्हणजे वृषालीच्याच गावचे. नवनाथला त्या वेळी बाहेर बसवलं होतं. हरी हात जोडून उभा राहिला.

"आमी रुळावर काम करीत व्हतो," तो म्हणाला. "शिट्ट्या कोकलाय लागल्या. कमळूनं वाट बगितली न्हाई, उडी टाकली. म्या वाकून बगितलं तर धुक्यातनं दिवा चालला व्हता. इंजान खालच्या लायनीनं गेलं."

पडद्यावर अक्षरं उमटली: इंजिन डाउन लाइनवरून गेलं.

सक्सेना साहेब पुढे झुकले. त्यांनी हरीला थेटच विचारलं, डाउन, नक्की डाउन?

"व्हय साहेब, डाउन," हरी म्हणाला. डाउन म्हणजे खाली, एवढं इंग्रजी त्याला येत होतं. "म्या डोळ्यानं बगितलं."

वृषालीने पडद्यावरचं वाक्य पुन्हा वाचलं. रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे निघालेली गाडी ती अप, मग ती बिचारी घाट उतरत का असेना. आणि मुंबईहून घाट चढत येते ती डाउन. करवंदा घाटात डाउन लाइन वरच्या पायरीवर आहे आणि अप लाइन खालच्या. जुन्या गँगमनांना हे झोपेतसुद्धा ठाऊक होतं. पण ते घरी बसले होते, आणि दांडवाडीच्या माणसांना फक्त वरची लाइन आणि खालची लाइन कळत होती. हरीने पाहिलेली खालची लाइन म्हणजे अप, म्हणजे नवनाथची स्वतःची. तो खरंच आपल्या लाइनवर होता. यंत्र चुकलं होतं, आणि हरीची जी साक्ष त्याला सोडवायला पुरेशी होती, तीच कागदावर त्याच्या गळ्याला फास होऊन बसली होती.

त्या खोलीत हे कळणारी ती एकटीच होती. हरीला पडदा वाचता येत नव्हता, साहेबांना हरी कळत नव्हता, टिपणीस आयुष्यात कधी घाटात पायी चालले नव्हते. ती उठणार होती. उठली नाही. कारण यंत्र चुकलं म्हणजे काय चुकलं, हेही त्याच क्षणी तिला कळलं होतं. वाटाड्याला शंका आली होती, आणि शंका आल्यावर काय करायचं हे त्याला तिने शिकवलं होतं. कमळूला नवनाथने नाही, खोट्या शिट्टीने उडी मारायला लावली होती.

चहाच्या वेळी तिने टिपणीसांना व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, याचाच तिला जास्त राग आला. त्यांनी कपात बिस्कीट बुडवलं आणि विचारलं, की त्या सकाळचे शंकेचे आकडे कुठे आहेत. तिने सांगितलं, माझ्याकडे. मग ते तिथेच राहू द्या, असं ते म्हणाले. देशातले आणखी अकरा घाट या चौकशीच्या निकालाकडे डोळे लावून बसलेत. शिवाय सूत्र तुमचं, सही तुमची. तुम्ही तोंड उघडलंत तर कंपनी तुमच्यासोबत बुडणार नाही, तुम्हाला एकटीला पाण्यात सोडेल. भाऊ काय, वरच्या कोर्टात सुटेल कधीतरी.

"आणि नाही सुटला तर?"

"त्याने आधी एकदा काटा ओढलाच होता ना, मॅडम," टिपणीस म्हणाले. "अगदीच निष्पाप नाही तो."

तिला त्यांच्या तोंडावर चहा फेकावासा वाटला. पण खरं सांगायचं तर त्या वाक्याचा तिला आधारही वाटला. शनिवारभर ती ते वाक्य मनातल्या मनात घोळवत राहिली. दादाने आधी काटा ओढलाच होता. दादाने मला दारात उभं केलं. दादाने माझ्या कामाला कधी काम म्हटलं नाही. अशी यादी करायला बसलं की सख्ख्या भावाविरुद्धही भरपूर सापडतं.

रविवारी सकाळी कमळूच्या नात्यातली माणसं क्वार्टरवर चालून गेली. हरी काही म्हणो, साहेबाच्या कागदावर नवनाथनेच कमळूला मारलं असं आलंय, ही बातमी वाडीत पोचली होती. दगड आले. नवनाथ मागच्या खोलीत होता, शैलावहिनी पुढची खिडकी लावायला धावल्या आणि एक दगड त्यांच्या कपाळावर बसला. वृषालीला कळलं तेव्हा त्यांना रेल्वेच्या दवाखान्यात नेलं होतं. ती धावत गेली. वहिनी खाटेवर बसल्या होत्या, डोक्याला पट्टी, नवनाथ औषध आणायला गेलेला. वृषालीला पाहून त्यांनी तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत सांगितलं, की इथे कशाला आलात, तुमच्या वाटाड्याने आमचा पत्ता बरोबर दाखवला लोकांना.

वृषाली तिथूनही तशीच परत आली. सोमवारी सुट्टी होती. त्या दिवशी तिने आपल्या संगणकातून त्या सकाळचे आकडे काढले. काढायची गरज नव्हती, काय निघणार ते तिला माहीत होतं. शंका एवढी मोठी होती की दोन्ही लाइनी तिच्या पोटात मावून वर जागा उरत होती.

मंगळवारी चौकशी पुन्हा बसली तेव्हा ती न विचारता उभी राहिली आणि अप-डाउन आणि वर-खाली यातला घोळ तिने सांगितला. सक्सेना साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. शुक्रवारपर्यंत ज्या नात्याचं त्यांना कौतुक होतं, तेच आता त्यांना खुपू लागलं. ते म्हणाले की आपण आरोपीच्या बहीण आहात, घरावर दगडफेक झाल्याचं आम्हालाही कळलंय, आपली मनःस्थिती आम्ही समजू शकतो. साक्षीदाराने डाउन हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारलेला आहे. टिपणीस लगेच पुढे झाले आणि म्हणाले की मॅडमना विश्रांतीची गरज आहे, कंपनीतर्फे दुसरे तज्ज्ञ येतील.

भावाची बाजू घेणाऱ्या बहिणीवर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. वृषालीला ते दिसलं, आणि कशावर विश्वास ठेवतील तेही दिसलं.

"मग हरीचं राहू द्या," ती म्हणाली. "माझं लिहून घ्या. इंजिन कोणत्या लाइनवर आहे हे त्या सकाळी वाटाड्याला कळत नव्हतं. कळत नसेल तेव्हा माणसांची लाइन धर, असं मी त्याला शिकवलंय. ती खात्री नव्हती, माझा हुकूम होता. त्याने तो पाळला आणि नोंदीत खात्री म्हणून छापला. खोटी शिट्टी माझी आहे. कमळाकर हिलम माझ्यामुळे मेला."

पडद्यावर ते वाक्य अगदी बिनचूक उमटलं.

टिपणीस काहीतरी बोलू लागले, त्यांना साहेबांनी गप्प केलं. आकडे पडद्यावर आले. पुढचे दोन तास प्रश्न विचारले गेले, आणि त्यातला एकही नवनाथबद्दल नव्हता. वरची कोणती नि खालची कोणती हे घाटाच्या उंची दाखवणाऱ्या नकाशावर स्वतः पाहिल्यावर सक्सेना साहेबांनी चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळले. नवनाथवरचा आरोप मागे घेतल्याचं त्यांनी सांगितलं, आणि त्याच दमात वृषालीने परवानगीशिवाय घाटमाथा सोडायचा नाही, हेही सांगितलं. टिपणीस तोवर बाहेर जाऊन कंपनीच्या वकिलाशी बोलत होते. घाटापुरती सूत्रं एका व्यक्तीने स्वतःच्या अखत्यारीत बदलली, असं ते सांगताना तिने जाता जाता ऐकलं.

नवनाथ व्हरांड्याच्या टोकाला उभा होता. त्याला सगळं कळलं होतं. वृषाली जवळ गेली. तिला वाटलं होतं, फार काही नाही, पण निदान तो नावाने हाक मारेल.

"हरी बोलला तेव्हाच कळलं होतं तुला?" त्याने विचारलं.

"हो."

"शुक्रवारी."

"हो, दादा."

"आज मंगळवार," नवनाथ म्हणाला. "रविवारी शैलाच्या डोक्याला टाके पडले."

तो पायऱ्या उतरून गेला. त्याला वाचवलं म्हणून तो आभार मानेल अशी आशा तिने मनात कुठेतरी ठेवली होती, याची तिला शरम वाटली.

व्हरांड्यातल्या बाकावर कमळूची बायको बायजी बसली होती. चौकशी सुरू झाली तेव्हापासून ती रोज येऊन बसायची, तिला आत कोणी बोलावलं नव्हतं. आत काय झालं ते हरीने तिला नुकतंच सांगितलं होतं. हरी आता लांब जाऊन उभा होता आणि वृषालीकडे बघणं टाळत होता. वृषालीला वाटलं, ही आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग शिट्टी खोटी व्हती?" बायजीने विचारलं.

"हो."

बायजीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बाकीचे सगळे हाईत न्हवं जित्ते," ती म्हणाली. "हरी म्हनतो, शिट्टी सारखी उगाच वाजती, म्हून आमी आधी वाकून बगतो, मंग सरकतो. म्याबी ह्यास्नी तेच सांगायचे. बगत जावा म्हनायचे. तर हे म्हनायचे, शिट्टी आपल्या घाऱ्यांच्या वृषालीनं केलीया. तिला ठावं हाय आपन कुटं हुबं असतो ते. तिची शिट्टी वाजली की बगत बसायचं न्हाई."

एवढं बोलून ती बाकावर सरकली आणि वृषालीला बसायला जागा करून दिली. वृषाली उभीच राहिली.